जिवंत आमिषाची वेसण

या ब्लॉगवर मासे याआधीही येऊन गेलेत, पण ते बहुतेक ताटातले. आजचे पाण्यातले आहेत, आणि त्यातही एक लहान आणि एक मोठा अशी जोडी आहे. लहान मासा जिवंतपणी गळाला लावायचा आणि त्याच्या मागे आलेला मोठा धरायचा, एवढीच गोष्ट. पण हा लहान मासा गळाला लावायचा कसा, यावर माणसं निदान अठराशे वर्षं लिहिताहेत. मी गेले काही महिने हेच वाचत बसलोय. आत्याने फोनवर विचारलंसुद्धा, "काय रे, वाचायला दुसरं काही उरलं नाही का?" उरलंय की. पण हे सुटेना.

आधी अडचण सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

शिकारी मासा घास चावत बसत नाही. पाइकसारखा मासा सावज बहुधा आडवं पकडतो, मग तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो. डोक्याकडून, कारण पर आणि काटे मागच्या बाजूला मिटतात. शेपटीकडून गिळलं तर तेच काटे उभे राहून घशात रुततील. हे आडवं धरणं आणि ते गिळणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. कधी क्षणभर, कधी काही मिनिटं. त्या वेळात दोर ओढली तर लहान मासा मोठ्याच्या तोंडातून निसटून परत येतो, अंगावर दातांचे ओरखडे घेऊन. ओढली नाही तर गळ पार पोटात जातो. मासा हाती लागतो खरा, पण आतून फाटलेला. जिवंत आमिषाचा सगळा इतिहास म्हणजे या मधल्या वेळाचं काय करायचं, याचा इतिहास आहे, असं माझं मत झालंय.

दुसरी अडचण त्याहून साधी. आमिष जिवंत राहिलं पाहिजे. गळ असा टोचायचा की तो नीट बसेल, पण ज्याला टोचला तो पोहत राहील. माझ्या लहानपणी रायगडात मामा खाडीवर गरी घेऊन जायचा तेव्हा जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावायचा. कोळंबीच्या डोक्यात एक काळसर डाग पारदर्शक कवचातून दिसतो. गळ त्या डागाच्या पुढून, वरच्या काट्याखालून जायला हवा. डागाला लागला की कोळंबी संपली. "मेली तर जिताडा बघत पण नाय," एवढंच त्याचं शास्त्र होतं. गळ लावताना तो जिभेचं टोक बाहेर काढायचा, शिवणकाम करणाऱ्या बायका सुईत दोरा ओवताना काढतात तसं.

आता मामाला खाडीवरच ठेवून थेट दुसऱ्या शतकात जाऊ.

ओपियन नावाचा एक ग्रीक कवी होता, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किलिकिया प्रांतातला. त्याने माशांवर आणि मासेमारीवर साधारण साडेतीन हजार ओळींचं काव्य लिहिलं आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसला अर्पण केलं. काव्याचं नाव 'हालिएउतिका'. त्यात एका मोठ्या माशासाठी बास जातीचा मासा आमिष म्हणून लावायला सांगितलाय. जिवंत मिळाला तर उत्तमच. मेलेला असेल तर त्याच्या तोंडात शिशाचा तुकडा घालायचा. कोळी त्या शिशाला 'डॉल्फिन' म्हणत. दोर हलली की त्या वजनाने मेलेल्या माशाचं डोकं खालीवर होतं आणि तो जिवंत असल्यासारखा वाटतो. मला हे वाचून फार मजा वाटली. म्हणजे जिवंत माशाचं मोल काय आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. मोल त्याच्या हलण्याचं. मग जीव नसला तरी हलणं तेवढं उसनं आणायचं!

(आपल्याकडचं म्हणाल तर कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यातल्या मराठी ओळींमुळे आपले भाषावाले तो नेहमी उघडतात. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे: राजाने करमणूक म्हणून गळाने मासे कसे धरावेत, माशांच्या जाती कोणत्या, त्यांना खायला काय घालावं, दोर आणि काठी कशी असावी. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यावर स्वतंत्रपणे लिहायचंय, आज नको.)

इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या छापखानेवाल्याने गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स या मठातल्या बाईंच्या नावावर सांगतात. त्यात पाइक धरायची कृती आहे. पाइक म्हणजे गोड्या पाण्यातला लांबट, चपट्या चोचीसारख्या तोंडाचा, दातांनी भरलेला मासा. साधी दोर तो कचकन तोडतो, म्हणून गळाला तार हवी. आमिष म्हणून जिवंत बेडूक घ्यायचा आणि गळ त्याच्या मानेपाशी कातडी आणि अंग यांच्या मधून घालायचा. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. कातडी आणि अंग यांच्या मधून! गळ जिवाला लागू द्यायचा नाही, नुसता पांघरुणाला टाचायचा. मामाचा काळा डाग आणि या बाईंचा बेडूक यांत तत्त्व एकच आहे. पुढे त्या असंही सुचवतात की गंमत हवी असेल तर दोर हंसाच्या पायाला बांधा आणि हंस आणि पाइक यांची रस्सीखेच बघा. आश्रमातल्या संध्याकाळी लांबत असाव्यात. :)

मग येतो आयझॅक वॉल्टन. लंडनचा व्यापारी माणूस. त्याचं 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ सालचं. शिवाजीमहाराज तेव्हा तेविशीत होते आणि जावळी घ्यायला अजून तीन वर्षं होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल. वॉल्टनच्या पुस्तकात जिवंत आमिषाचं अक्षरशः शिवणकाम आहे. लहान मासा घ्या. पर्च घेतलात तर तो जास्त तग धरतो, पण त्याचा पाठीवरचा काटेरी पर कापून टाका. टोकदार सुरीने डोकं आणि पाठीचा पर यांच्यामध्ये छोटी चीर द्या. त्या चिरेतून गळाची तार कातडीखालून पाठीच्या कडेने शेपटीपर्यंत न्या, तिथे बाहेर काढा आणि दोऱ्याने बांधून टाका. बेडूक असेल तर गळ तोंडातून घालून कल्ल्याच्या जागेतून काढा आणि बारीक सुई-रेशमाने त्याची मांडी तारेला एका टाक्यात शिवा. आणि हे करताना त्याला शक्य तितकी कमी इजा करा, म्हणजे तो जास्त वेळ जगेल.

या बेडकाने वॉल्टनची पाठ सोडली नाही. पावणेदोनशे वर्षांनी, १८२३ मध्ये, बायरनने 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात त्याला क्रूर म्हणून झोडपलं. मला दोघांचंही पटतं. वॉल्टनची काळजी खरी आहे, खोटी नाही. पण ती काळजी बेडकासाठी नाही, पाइकसाठी आहे. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती इतकंच.

आता तो मधला वेळ. वॉल्टनच्या काळी त्याचं उत्तर होतं, थांबा. पाइकने आमिष धरलं की दोर सैल सोडा, त्याला आपल्या बिळाकडे जाऊ द्या, गिळू द्या, मग ओढा. यासाठी वेगळे गळही होते, ज्यांचं काम जबड्यात रुतणं नव्हतंच, पोटात जाऊन अडकणं होतं. ही कल्पना फारच जुनी. अश्मयुगातला माणूस दोन्ही टोकांना अणकुचीदार केलेली हाडाची काडी मधोमध दोरीला बांधायचा आणि आमिषात उभी लपवायचा. माशाने गिळली की दोर ताणायची. काडी आडवी होते आणि घशात रुतते. गळाला वळण येण्याआधीचा हा गळ. खायचा मासा असेल तर यात काही बिघडत नाही. पोटातून धरला काय आणि ओठातून धरला काय, शेवटी कालवणच!

अडचण आली ती लोकांनी मासे परत सोडायला सुरुवात केल्यावर. लहान आहे, विणीच्या काळातला आहे, किंवा नुसता खेळ म्हणून धरलाय आणि खायचा नाहीये. पोटात गळ असलेला मासा पाण्यात सोडणं म्हणजे नुसता उपचार.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दुसरं उत्तर पुढे आलं: थांबूच नका. मासा आडवा धरतो ना? मग गळ त्या आडव्या धरण्याच्या जागीच ठेवा. या पद्धतीला 'स्नॅप' म्हणतात. आल्फ्रेड जार्डिन या पाइकवेड्याचं नाव एका जोडणीला कायमचं चिकटलंय. तारेवर दोन तीनतोंडी गळ. एक पाठीच्या पराच्या मुळाशी, दुसरा कल्ल्यामागच्या पराच्या मुळाशी. डोकं मोकळं, शेपूट मोकळी, मासा पोहतोय. पाइकने अंगाला आडवं धरलं की तोंडात गळ आहेतच, लगेच ओढायचं. पोटापर्यंत जायला वेळच द्यायचा नाही. जार्डिनचं 'पाइक अँड पर्च' हे पुस्तक १८९८ चं. स्नॅपची किंमत म्हणजे लहान माशाच्या अंगात सहा टोकं, आणि बरेच मोठे मासे निसटतात. पण जो लागतो तो जबड्यात लागतो.

हिंदुस्थानात याच काळात हेन्री सलिवन थॉमस हा मद्रासकडचा सनदी अधिकारी 'द रॉड इन इंडिया' (१८७३) लिहून बसला होता. महसीरवरचं ते अजूनही वाचनीय पुस्तक आहे. त्याने तलावांतल्या गळावरही एक पुस्तक लिहिलं. त्याच्याशी आपला थेट संबंध नाही, पण तलावातल्या मरळीला बेडूक लावणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला त्याची पानं ओळखीची वाटतील. बर्नर्सबाईंना तर नक्कीच वाटली असती.

१८९८ मध्येच गोष्ट समुद्रात गेली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटालिना नावाचं बेट आहे. तिथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने त्या वर्षी जून महिन्यात काठी आणि रिळावर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा, ब्लूफिन ट्यूना धरला. (आपल्या कुप्याचा हा अवाढव्य चुलतभाऊ.) त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला, तो मोठ्या माशांच्या खेळाचं उगमस्थान मानला जातो. आमिष म्हणजे उडणारा मासा. पण ट्यूना होड्यांना बुजू लागले. तेव्हा जॉर्ज फार्न्सवर्थ या तिथल्या कप्तानाने १९०९ च्या सुमारास पतंग आणला! पतंग वाऱ्यावर होडीपासून दूर उडवायचा, गळाची दोर त्याला अडकवायची आणि मासा पतंगाच्या खाली लाटांवरून टप्पे घेत नाचवायचा. हा मासा मेलेलाच असे. म्हणजे ओपियनचं शिसंच, फक्त ते आता आकाशात गेलं होतं. (पतंगाने मासे धरणं ही मूळची सॉलोमन बेटांकडची आणि इंडोनेशियाकडची युक्ती. तिथे पानाचा पतंग आणि गळाऐवजी कोळ्याच्या जाळ्याचा गुंडा. लांब चोचीच्या माशाचे दात त्यात गुंततात. गळाशिवाय मासा!) पुढे फ्लोरिडात सेलफिशसाठी पतंगाखाली जिवंत मासा टांगायला लागले. पाण्यात दोर दिसत नाही आणि पृष्ठभागावर त्या माशाची जी तडफड होते, ती लांबवर ऐकू जाते.

मार्लिन, ट्यूना, सेलफिश यांच्यासाठी जिवंत मासा लावायची जी पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली, तिचं इंग्रजी नाव 'ब्रायडल', म्हणजे लगाम. मला वाटतं त्याला मराठीत वेसण म्हणावं. वेसण बैलाच्या नाकपुड्यांमधल्या पडद्यातून जाते, इथे ती माशाच्या डोळ्यांच्या खोबणीतून जाते. बुबुळाला धक्का न लावता, त्याच्या पुढून किंवा वरून. दोऱ्याची छोटी कडी सुईने खोबणीतून आरपार काढायची, तिच्यात गळ अडकवायचा आणि दोन-तीन पीळ देऊन डोक्यावर घट्ट बसवायचा. सराईत माणूस हे काही सेकंदांत करतो, मासा हातात थंड ओल्या फडक्यात धरून.

हे इतकं साधं आहे की त्याची थोरवी पटकन कळत नाही. वॉल्टनचा गळ माशाच्या आत होता, जार्डिनचे गळ माशात टोचलेले होते. वेसणीत गळ माशाला लागतच नाही! तो डोक्यावर मोकळा उभा असतो, टोक उघडं. आत टोचलेल्या गळाची खोड अशी की मोठ्याने घास घेतल्यावर दोर ओढली तर टोक बऱ्याचदा परत लहान माशाच्याच मांसात किंवा खवल्यात शिरतं, मोठ्याच्या जबड्यात नाही. सगळं जमूनही मासा सुटतो. वेसणीत टोकाच्या आड काही नाही. शिवाय गळ डोक्याशी आहे, आणि गिळणारा डोक्याकडूनच गिळतो. आणि होडी पुढे जात असली तरी मासा तोंडाच्या दिशेने ओढला जातो, कल्ल्यांतून पाणी खेळतं, तो तासन्‌तास जगतो. होडी उभी असेल तेव्हा मात्र बरेचजण पाठीतूनच लावतात, त्याने मासा जास्त धडपडतो.

पण मधला वेळ? तो सुटला नव्हताच. मार्लिन आधी चोचीने फटका मारतो, मग वळून घास घेतो. म्हणून कप्तान ओरडायचे, सोड, सोड! रीळ मोकळं सोडायचं, दहापर्यंत मोजायचं, आणि मग ओढायचं. म्हणजे पुन्हा वॉल्टनच. थांबा, गिळू द्या. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचा नेहमीचा गळ तोवर घशात किंवा पोटात.

तिसरं उत्तर शेवटी आलं ते सगळ्यात जुन्या आकारातून. ओकिनावामधल्या साकितारी गुहेत शिंपल्याचे गळ सापडले, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. ते जवळजवळ गोल आहेत. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे कितीतरी गळ असेच, टोक बाहेर न जाता आत दांड्याकडे वळलेलं. बघणाऱ्याला वाटावं, याने मासा लागेलच कसा? लागतो, कारण हा गळ ओढायचा नसतो. मासा गिळतो, वळून चालायला लागतो, दोर हळूहळू ताणते. गळ घशातून घसरत बाहेर येतो. टोक आत वळलेलं असल्याने वाटेत कुठे रुतत नाही. जबड्याच्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र तो फिरतो आणि तिथे बसतो. झटका दिलात तर सरळ तोंडातून बाहेर! पिढ्यान्‌पिढ्या झटक्याची सवय लागलेल्या माणसांना काहीच न करण्याची सवय लावायची होती. कप्तानांना हे शिकवणं गळ बनवण्यापेक्षा अवघड गेलं असणार.

व्यापारी मासेमारीत हे आधी पटलं. पॅसिफिकमधल्या हॅलिबटच्या लांब दोरांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल गळ आले आणि पकड इतकी वाढली की जुने गळ भराभर गेले. खेळवाल्यांना पटवायला आकडे लागले. हॉरोडिस्की आणि ग्रेव्हज या संशोधकांनी पांढऱ्या मार्लिनला उपग्रहाशी बोलणारे टॅग लावून सोडलं आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं. २००५ मध्ये त्यांनी छापलं: गोल गळावर धरलेले सगळेच्या सगळे जगले, नेहमीच्या गळावर धरलेल्यांपैकी ६५ टक्के. हे सगळे मासे 'सोडून दिलेले' होते बरं का. पाठ थोपटून घेऊन, फोटो काढून, सन्मानाने सोडलेले. त्यातला दर तिसरा दृष्टीआड जाऊन मरत होता, आणि टॅग लागेपर्यंत ते कुणाला दिसलं नव्हतं.

मग नियम आले. अमेरिकेच्या अटलांटिक बाजूला मार्लिन-सेलफिशच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिष लावायचं तर गोल गळच, हे २००८ पासून. स्ट्राइप्ड बास या किनाऱ्यालगतच्या माशासाठी २०२१ पासून. त्याचे शौकीन जिवंत वाम लावतात, आणि त्या वळवळणाऱ्या वामीला गोल गळ कसा लावायचा यावर न्यू जर्सीतल्या आमच्या चुलतभावाने मला फोनवर चाळीस मिनिटं ऐकवलंय. (दादा, हे तुझ्यासाठी. गळ खालच्या जबड्यातून वर काढायचा असं तूच म्हणालास.)

मोठ्या माशाची काळजी अशी कायद्यापर्यंत पोचली. लहान्याची वेगळ्या वाटेने पोचली. जर्मनी, नॉर्वे, आयर्लंड, स्कॉटलंड इथे जिवंत मासा गळाला लावायलाच मनाई आहे, कुठे सरसकट, कुठे नद्या-तळ्यांपुरती. कारणं दोन: एक त्या माशाच्या वेदना, दुसरं म्हणजे आमिष म्हणून नेलेले परक्या पाण्यातले मासे सुटून तिथे पसरतात, रोगही नेतात. दुसरं कारण कागदावर जास्त भक्कम आहे, पण मला वाटतं बायरनला पहिलं आवडलं असतं.

तर आता तिथला पाइकवाला मेलेला मासा लावतो. तो तळाशी गपगार पडून राहू नये म्हणून त्याच्या तोंडातून हलक्या बाल्सा लाकडाची काडी आत सरकवतो, म्हणजे मासा तळापासून वीतभर वर तरंगतो आणि पाण्याच्या हेलकाव्यासरशी डुलतो. ओपियनने शिसं घातलं होतं, हे लाकूड घालतात.